ही गोळी कोणासाठी?

२००३ च्या पावसाळ्यात निपाणीजवळच्या एका खेड्यातून, तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक बाई बाळंतपणासाठी बेळगावला आमच्याकडे आली होती. कळा सुरू झाल्यावर मी तिच्या हातावर नेव्हिरापीन या एचआयव्हीविरोधी औषधाची २०० मिलिग्रॅमची गोळी ठेवली, तेव्हा ती लगेच तोंडात न टाकता मुठीत धरून तिने मला विचारले, “डॉक्टरबाई, ही गोळी माझ्यासाठी हाय का पोरासाठी?” मी खरे तेच सांगितले, की ती बाळासाठी आहे. तिने मान हलवली आणि गोळी घेतली. मुलगा झाला, ७२ तासांच्या आत त्यालाही त्याच औषधाचे थेंब पाजले गेले आणि चौथ्या दिवशी ती घरी गेली. तिच्या स्वतःच्या आजारासाठी सेप्ट्रानच्या, म्हणजे साध्या प्रतिजैविकाच्या, गोळ्यांखेरीज देण्यासारखे आमच्या कपाटात त्या दिवशी काही नव्हते.

स्त्रीरोग आणि एचआयव्ही यांच्या सांध्यावर मी इतकी वर्षे काम का केले, असे तरुण डॉक्टर विचारतात, तेव्हा त्यांना बहुधा एखाद्या गुरूंचे किंवा परदेशातल्या शिष्यवृत्तीचे नाव ऐकायचे असते. माझ्याकडे सांगण्यासारखी ही एक मूठ आहे. त्या प्रश्नाचे उत्तर बदलायला आमच्या शास्त्राला किती वर्षे लागली आणि त्यातली किती वर्षे माझ्या स्वतःच्या डोळ्यांवरच्या झापडांमुळे गेली, हे आता निवृत्तीनंतर थोडे सावकाश लिहून काढावे असे वाटले.

मी खानापूर तालुक्यातली. शाळा मराठी, कॉलेजात इंग्रजी, आणि कन्नड मी शिकले ती वॉर्डात, गोकाक-सौंदत्तीकडून येणाऱ्या बायकांच्या खाटांशेजारी उभी राहून. चेन्नईत १९८६ मध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देशातले पहिले एचआयव्ही-बाधित रक्तनमुने शोधून काढले, तेव्हा हा विषय आमच्या पाठ्यपुस्तकात जेमतेम अर्ध्या पानाचा होता. तो माझ्यासमोर माणसाच्या रूपात आला नव्वदीच्या मध्यावर, ज्या रुग्णालयात मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होते तिथे. त्या बाईच्या केसपेपरवर कोणीतरी तांबड्या शाईने मोठ्या अक्षरांत निदान लिहून ठेवले होते, तिची खाट जिन्याजवळ सरकवली होती, आणि तिची प्रसूती दिवसातली शेवटची म्हणून, इतर सगळ्या उरकल्यावर करायची असे ठरले होते, जणू बाळ आमच्या सोयीने थांबणार होते. याविषयी मी पुष्कळ वर्षे संतापाने बोलत आले. पण त्याच प्रकरणात मी स्वतः काय केले हे मात्र क्वचितच सांगितले. तपासणीचा अहवाल मी आधी तिच्या नवऱ्याला सांगितला. तो बाहेर बाकावर बसला होता, अहवाल माझ्या हातात होता, आणि बाईविषयीची महत्त्वाची गोष्ट घरच्या पुरुषाला सांगायची असते ही सवय इतकी अंगवळणी पडलेली होती की आपण काही चुकीचे करत आहोत असे मला वाटलेही नाही. तिला सगळ्यांत शेवटी, आणि तेही सासूकडून कळले. आज २०१७ चा एचआयव्ही कायदा संमती आणि गोपनीयता यांविषयी स्पष्ट बोलतो, आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण त्या दिवशी मला अडवायला कायद्याची गरज पडायला नको होती.

तो नवरा मालट्रकवर होता. पुणे-बंगळूर महामार्ग आमच्या जिल्ह्याच्या मधून जातो, आणि ट्रकवरचे पुरुष, मुंबईला किंवा इचलकरंजीच्या मागांवर कामाला गेलेले पुरुष, हे आमच्या बाह्यरुग्ण विभागातल्या बायकांच्या कहाण्यांत सतत येत. बाहेरगावचे अभ्यासक मात्र आले की थेट सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराची वाट विचारत. देवदासी प्रथेवर कर्नाटकाने १९८२ मध्ये बंदीचा कायदा केला, प्रथा एका कायद्याने संपली नाही, आणि त्या बायकांच्या वाट्याला आलेला आजार खराच होता. पण आजार तिकडेच आहे, घरात नाही, ही समजूत सोयीची होती आणि तिने फार नुकसान केले. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा निबंध मी वाचला तेव्हा आपल्याच वॉर्डाचे वर्णन वाचतो आहोत असे वाटले. गुप्तरोग दवाखान्यात आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रिया बाधित निघाल्या होत्या, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींचा संबंध आयुष्यात एकाच पुरुषाशी, म्हणजे नवऱ्याशी, आलेला होता. उलट ज्यांच्याकडे सगळे बोट दाखवत होते, त्या बायकांनी सांगलीच्या ‘संग्राम’च्या पाठबळावर १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली, तिचे काम सीमेच्या अलीकडे, कर्नाटकातही पोहोचले, आणि निरोध वापरायचा आग्रह गिऱ्हाइकाला कसा धरायचा हे त्या एकमेकींना शिकवत होत्या. माझ्याकडे येणाऱ्या लग्नाच्या बाईला तो आग्रह धरण्याची सोय नव्हती.

आता गोळीकडे येते. उपचार काहीच नसतील तर बाधित आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान असते. अमेरिका आणि फ्रान्समधील १९९४ च्या चाचणीत झिडोव्हुडीनमुळे ते २५.५ वरून ८.३ टक्क्यांवर आले, पण ते औषध गरोदरपणात अनेक आठवडे घ्यायचे, प्रसूतीच्या वेळी शिरेतून द्यायचे आणि नंतर बाळाला सहा आठवडे पाजायचे होते, म्हणजे आमच्या दृष्टीने ते चंद्रावरचे औषध होते. १९९९ मध्ये युगांडातून बातमी आली की आईला एक गोळी आणि बाळाला एकदा थेंब, एवढ्यानेही लागण जवळजवळ निम्म्याने घटते. आम्हाला तो निकाल देवाघरचा निरोप वाटला. मी स्वतः ती गोळी किती जणींच्या हातावर ठेवली याची गणती नाही, आणि त्यातून जी मुले वाचली त्यांच्याविषयी मला तिळमात्र पश्चात्ताप नाही.

परंतु नेव्हिरापीन रक्तात दीर्घकाळ रेंगाळते आणि एकट्याने दिले तर विषाणूला त्याच्याविरुद्ध तयार व्हायला आयती सवड मिळते. थायलंडमधून २००४ मध्ये आलेल्या अभ्यासात, प्रसूतीच्या वेळी ही एकच गोळी घेतलेल्या आयांना पुढे नेव्हिरापीनवर आधारलेले उपचार दिले, तेव्हा सहा महिन्यांनी विषाणू पूर्ण दबलेल्या स्त्रियांचे प्रमाण ४९ टक्के होते. गोळी न घेतलेल्यांत ते ६८ टक्के होते. बाळासाठी दिलेली गोळी आईसाठी नुसती निरुपयोगी नव्हती, तर तिच्या पुढच्या उपचारांतली एक पायरी तिने आधीच खिळखिळी करून ठेवली होती. निपाणीच्या बाईला मी दिलेले उत्तर खरे होते, पण अपुरे होते, आणि ते अपुरे आहे हे त्या वेळी मला ठाऊकही नव्हते. ॲलन रोझेनफील्ड आणि डेबोरा मेन यांनी १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये विचारले होते की माता-बाल आरोग्याच्या कार्यक्रमांत माता कुठे आहे, मी तो लेख परीक्षेसाठी वाचला होता आणि परीक्षेपुरताच लक्षात ठेवला होता.

१ एप्रिल २००४ रोजी सहा राज्यांत आणि दिल्लीत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची नियमित औषधे, सुरू झाली, त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होते. सुरुवातीला रक्तातल्या सीडी-फोर या प्रतिकारपेशींची संख्या २०० च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. मग ही अट ३५० वर, पुढे ५०० वर आली, आणि २०१७ मध्ये ती उठलीच. निदान झाले की उपचार सुरू. गरोदर स्त्रियांसाठी ती त्याआधीच, २०१४ च्या सुमारास, उठली होती, आणि बाळंतपणानंतरही गोळ्या बंद करायच्या नाहीत, जन्मभर चालू ठेवायच्या, असे ठरले होते. हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल, कारण तोवरच्या योजनेत बाळाचे दूध तुटले की आईचेही औषध तुटत असे.

औषध आले, पण बायका नोंदवहीतून गळू लागल्या. ‘लॉस्ट’, म्हणजे संपर्क तुटलेली, असा शेरा मारलेली नावे मी संध्याकाळी वेगळ्या वहीत उतरवू लागले, आणि माझ्या संशोधनाची खरी सुरुवात या वहीत झाली, त्यासाठी कोणाचे अनुदान नव्हते. अंदाज असा होता की या बायका एकतर दगावल्या असतील किंवा घाबरून उपचार सोडून बसल्या असतील. काही जणींच्या बाबतीत ते खरेही निघाले. पण गावोगाव जाऊन, आशा आणि नर्सबाईंना विचारून पाहिले तेव्हा जे दिसले ते आमच्या सीमाभागाखेरीज दुसरीकडे कोणाला चटकन सुचले नसते. आमच्याकडे मुली कागल, गडहिंग्लज, चंदगडला दिल्या जातात आणि तिकडच्या मुली निपाणी, बेळगाव, खानापूरला येतात. सोयरिकींना राज्याची हद्द कधीच आडवी आली नाही. पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे तपासणी एका राज्यात, प्रसूती दुसऱ्या राज्यात. माहेरच्या कार्डावर वडिलांचे नाव, सासरच्या कार्डावर नवऱ्याचे, कधीकधी लग्नात बदललेले पहिले नावही वेगळे. कर्नाटकातले तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदीचे कार्ड, कन्नडमध्ये, पलीकडची नोंद मराठीत. एकाच बाईच्या दोन बाया होत, आणि दोन्ही नोंदवह्यांत त्या ‘लॉस्ट’ ठरत. शिवाय ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून निपाणीची बाई मुद्दाम कोल्हापूरला जाई आणि कोल्हापूरकडची आमच्याकडे येई, ते वेगळेच. माझी २००३ ची बाई मला चार वर्षांनी अशीच सापडली: आमच्या वहीत हरवलेली, आणि पलीकडे माहेरच्या नावाने नियमित गोळ्या घेणारी. मी सापडल्याचा आनंद दाखवला, तेव्हा तिने शांतपणे सांगितले, “मी कुठं हरवली होती? तुमीच आला न्हाईसा.”

बाळाची तपासणीही अशीच मध्ये अडकत असे. सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पाठवण्याची सोय साधारण २०१० पासून झाली, आणि अंतिम चाचणी अठरा महिन्यांनी करायची असते. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराचा उंबरा ओलांडत नाही आणि तो संपला की सासरी पाठवणीची तयारी सुरू होते. आमचे पत्रक ज्या दिवशी तिला बोलावत होते, नेमका त्याच आठवड्यात तिचा मुक्काम हलत होता. ही गोष्ट दिसायला एवढीशी, पण ती कळल्यावर आम्ही समुपदेशकांना सांगितले, की तारीख लिहून देण्याआधी बाईला विचारायचे, सव्वा महिना कुठे, मग कुठे, आणि पाठवणी कधी. आणि मग त्या गावच्या केंद्राला दूरध्वनी करायचा, मग ते हद्दीच्या कुठल्याही बाजूला असो. मी याविषयी एका परिषदेत बोलले तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मिस्कीलपणे विचारले, की याला संशोधन म्हणायचे का. मी म्हटले, तुम्ही त्याला चुलीपुढचे शहाणपण म्हणा, पण बाळांच्या तपासण्या होऊ लागल्या आहेत.

बाळगुटीचेही असेच. २००६ पर्यंतचा सल्ला असा होता, की परवडत असेल आणि सुरक्षित असेल तर बाहेरचे दूध द्यावे. दक्षिण आफ्रिकेतील २००७ च्या अभ्यासाने दाखवले, की निव्वळ आईचे दूध घेणाऱ्या बाळांपेक्षा त्याच्या जोडीला दुसरे काही पोटात जाणाऱ्या बाळांना धोका अधिक असतो, आणि २०१० पासून औषधांच्या आधाराने सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध द्यावे असा सल्ला आला. पण “निव्वळ” हा शब्द ज्याने लिहिला त्याने आमच्या आजीबाईंची सहाण पाहिलेली नव्हती. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरूडशेंग उगाळून बोटभर चाटण देणे म्हणजे कोणाच्या लेखी अन्न नाही, ते संस्कारांत मोडते. “दुधाशिवाय काही देता का?” असे विचारले की “न्हाई” हेच उत्तर येई आणि ते प्रामाणिकही असे. मी “गुटी कोण उगाळतं?” असे विचारू लागले, तेव्हा खरी माहिती मिळू लागली. सासूचे मन वळवायचे तर सुनेचे निदान सांगता येत नाही. म्हणून वॉर्डातल्या सगळ्याच बाळंतिणींच्या सासवांना बसवून सगळ्यांनाच गुटी सहा महिने थांबवायला सांगावी लागली.

बेळगावात राहून संशोधन करणाऱ्याला एक भाग्य लाभले, ते म्हणजे आजूबाजूला मोठ्या प्रमाणावर चाललेले माता-आरोग्याचे काम जवळून पाहता आले. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात १६२० स्त्रियांवर केलेल्या चाचणीत, प्रसूतीनंतर लगेच नर्सबाईंनी दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ वरून ६.४ टक्क्यांवर आले, आणि ‘लॅन्सेट’मध्ये २००६ साली ते प्रसिद्ध झाले. माझा त्यात सहभाग नव्हता, पण घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणाचा विचार करून आखलेली ती चाचणी पाहून मी प्रश्न कुठे उभा करायचा हे शिकले. आणि गोळी बाईच्या स्वतःच्या जिवासाठी होती. पुढे अ‍ॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या एका मात्रेची २९ हजारांहून अधिक स्त्रियांची सात देशांतली चाचणी झाली, तिच्यातही भारत होता. २०२३ मध्ये तिचा निकाल आला तेव्हा आईला होणारा जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर आलेले दिसले.

संमतीपत्राविषयी एवढेच सांगते, की इंग्रजीतून आलेला मसुदा पुण्याच्या मराठीत उतरवला की तो चंदगड-खानापूरच्या बाईला कन्नड मसुद्याइतकाच परका असतो. “आपला सहभाग ऐच्छिक आहे” हे वाक्य वाचून दाखवल्यावर एकीने मला विचारले होते, की ऐच्छिक म्हणजे किती रुपये. तेव्हापासून मी ते “न्हाई म्हटलंस तरी औषधपाणी हाय तसंच मिळंल” असे सांगत आले, आणि नैतिकता समितीने त्यावर आक्षेप घेतला नाही.

२०१८ मध्ये जुना प्रश्न पुन्हा समोर आला. डोल्युटेग्रॅव्हिर हे अधिक चांगले, विषाणूला सहजी दाद न देणारे औषध येत होते, आणि बोट्सवानातून सूचना आली की गर्भधारणेच्या वेळी ते घेत असलेल्या ४२६ स्त्रियांपैकी चौघींच्या बाळांच्या मज्जारज्जूत दोष आढळला. सावधगिरी योग्यच होती. पण अनेक ठिकाणी तिचा अर्थ असा लावला गेला की मूल होण्याच्या वयाच्या कुठल्याच बाईला ते देऊ नये, मग तिला मूल हवे असो वा नसो, तिने शस्त्रक्रिया करून घेतलेली असो वा नसो. पुरुषांना चांगले औषध, बायकांना जुने. त्याच वर्षी रवांडातल्या किगालीत जमलेल्या आफ्रिकेतल्या बाधित स्त्रियांनी ठणकावून सांगितले की धोका आम्हाला समजावून सांगा आणि निवड आमच्यावर सोडा. जुलै २०१९ पर्यंत आकडे वाढत गेले तसा तो धोका ०.३ टक्क्यांपर्यंत खाली आला, जागतिक आरोग्य संघटनेने औषध सर्वांसाठी खुले केले, आणि नंतरच्या नोंदींत तर फरक उरलाच नाही. किगालीतल्या बायकांचे ते निवेदन वाचताना मला निपाणीची मूठ आठवली.

आणि तरीही माझी सर्वांत मोठी चूक याच काळातली नव्हे, थोडी आधीची आहे. आठ वर्षे एकही गोळी न चुकवलेली, विषाणू दबलेला, सीडी-फोर उत्तम, अशी एक बाई माझ्याकडे दर तिमाहीला येत असे. मी तिला मुलाची शाळा विचारत असे. अंगावरून जाते असे ती दोनदा म्हणाली होती; मी गोळ्या लिहून दिल्या आणि टेबलावर घेऊन तपासले नाही, कारण रांग मोठी होती. कर्करोग कळला तेव्हा तो पिशवीच्या तोंडापलीकडे पसरलेला होता. बाधित स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो हे मला, स्त्रीरोगतज्ज्ञाला, माहीत नव्हते असे कोण म्हणेल? उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीत एकाच एचपीव्ही तपासणीने, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीने, या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात, हे २००९ मध्येच छापून आले होते, तेही आपल्याच बोलीच्या मुलखातून. मी ते वाचले, इतरांना शिकवले, आणि माझ्याच खुर्चीसमोर बसलेल्या बाईला लागू केले नाही.

तिच्यानंतर मी मंगळवार गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी राखून ठेवला, आणि निवृत्तीनंतरही मानद म्हणून तो चालू आहे. साधन अगदी साधे: दिवा, ॲसेटिक ॲसिड, म्हणजे स्वयंपाकघरातल्या सिरक्याचाच भाऊबंद, आणि मिनिटभर थांबण्याची तयारी, पांढरा डाग उमटला तर पुढचे उपचार त्याच दिवशी. जमेल तिथे आता एचपीव्हीचा नमुना घेतो. बाधित स्त्रियांची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून सुरू करावी असा २०२१ चा सल्ला आहे. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत झाली आणि त्याच वर्षी मार्चपासून पलीकडे एसटीचे तिकीट निम्मे झाले, त्यानंतर मंगळवारची उपस्थिती सुधारली असे आमच्या सिस्टरांचे ठाम मत आहे. आरोग्य खात्याच्या पत्रकांत या कारणासाठी रकाना नाही.

गेल्या मंगळवारी नऊ जणींना बोलावले होते, सहा आल्या. एकीच्या घरी उसाची तोड होती, दुसरी मुलीच्या बाळंतपणासाठी गडहिंग्लजला गेलेली. तिसरीचा दूरध्वनी बंद लागतो. तिच्या नावापुढे ‘लॉस्ट’ लिहू द्यायचे नाही असे मी सांगून ठेवले आहे, आणि उद्या जांबोटीकडच्या आशाताई तिच्या माहेरी जाऊन येणार आहेत.